अलास्कात तंबूत राहायला जाताना अस्वलासाठी कोणते पिस्तूल बरोबर घ्यावे?

आपण लिहिले आहे की, नोकरीनिमित्त सिएटलला येऊन आपल्याला दोन वर्षे झाली, ऑगस्टमध्ये तिघा मित्रांसह अलास्कातील केनाई द्वीपकल्पात पायी हिंडून तंबूत मुक्काम करण्याचा बेत आहे, आणि अस्वलांच्या भीतीपोटी .४४ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर घ्यावे की १० मिलिमीटरचे पिस्तूल, हे ठरत नाही. .४४ पेक्षा लहान काही नेणे म्हणजे जिवाशी खेळ, असे आपल्याला एका अनुभवी मराठी गृहस्थांनी सांगितल्याचेही आपण नमूद केले आहे. ते गृहस्थ कोण हे मला ठाऊक नाही. परंतु हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, माझे साडू गेली कित्येक वर्षे प्रत्येक जेवणावळीत ऐकवत आले आहेत, आणि म्हणूनच एरवी असल्या प्रश्नांच्या वाटेला न जाणारा मी आज उत्तर लिहायला बसलो आहे.

प्रथम विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. या दोहोंतून निवडायचेच असेल, तर १० मिलिमीटर. ग्लॉक २० या पिस्तुलात १५ काडतुसे मावतात, भरलेल्या पिस्तुलाचे वजन साधारण १.१ किलो होते आणि पावसाचिखलाचे ते फारसे मनावर घेत नाही. ईशान्य ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणाऱ्या डेन्मार्कच्या ‘सिरियस’ तुकडीचे जवान ध्रुवीय अस्वलांच्या प्रदेशात हेच पिस्तूल बाळगतात. .४४ मॅग्नमची नेहमीची गोळी २४० ग्रेन म्हणजे सुमारे १५.५ ग्रॅमची असते, १० मिलिमीटरची वजनदार गोळी २०० ग्रेन म्हणजे १३ ग्रॅमची, आणि .४४ ची गतीही अधिक, हे सगळे मला मान्य आहे. परंतु शिकारीच्या .३०-०६ रायफलीशेजारी ठेवली, तर ही दोन्ही काडतुसे दुबळीच ठरतात, कारण त्या रायफलीची गोळी .४४ च्या दुपटीहून बरीच अधिक ऊर्जा घेऊन निघते. तेव्हा दोन दुबळ्यांपैकी थोरला कोण, यावर रात्री जागवण्यापेक्षा आपल्या हातून नेमक्या जागी कोणती गोळी बसेल, याचा विचार अधिक उपयोगाचा आहे. गोळी मात्र पोकळ टोकाची घेऊ नका. माणसापासून बचाव करण्यासाठी बनवलेली ती गोळी अंगात शिरताच फुलते आणि थांबते. अस्वलाची चरबी, स्नायू आणि हाडे भेदून आतपर्यंत जायला कठीण शिशाची, सपाट टोकाची, न फुलणारी गोळी लागते.

आता साडूंविषयी. ते ह्यूस्टनला असतात, वयाने आणि मानाने माझ्यापेक्षा मोठे आहेत, आणि शस्त्रांवरील त्यांच्या मतांना टेक्सासचे वारे लागलेले आहे. काही वर्षांपूर्वी ते आणि माझी मेहुणी उन्हाळ्यात आमच्याकडे अँकरेजला आले, तेव्हा त्यांनी विमानाच्या सामानातून, कुलूपबंद कडक पेटीत घालून आणि काउंटरवर रीतसर नोंदवून, स्मिथ अँड वेसनचे ३२९पीडी हे .४४ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर आणले होते. स्कँडियममिश्रित ॲल्युमिनियमची चौकट आणि टायटॅनियमचे सिलिंडर यांमुळे या रिव्हॉल्व्हरचे वजन जेमतेम ७१५ ग्रॅम भरते, तर त्याच कंपनीचे चार इंची नळीचे पोलादी ६२९ सुमारे १.२ किलोचे असते. ‘वजन नाही आणि ताकद पुरी,’ असे त्यांनी ते टेबलावर ठेवत सांगितले. मी एवढेच म्हणालो की, जंगलात जाण्याआधी एकदा रेंजवर जाऊ.

शहराच्या दक्षिणेला राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याची रॅबिट क्रीक ही नेमबाजीची जागा आहे. तेथे साडूंनी ३०० ग्रेनची, खास अस्वलांसाठी म्हणून विकली जाणारी काडतुसे भरली आणि दहा पावलांवरच्या कागदावर नेम धरला. पहिली गोळी कागदाच्या कोपऱ्यात लागली, दुसरी मागच्या मातीच्या बांधात गेली, आणि तिसरीच्या वेळी चाप ओढण्याच्या आधीच त्यांचे डोळे मिटलेले मला स्पष्ट दिसले. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी सोलून निघाली होती. चौथ्या बारानंतर मात्र त्यांनी चाप ओढला तर तो हलेचना, आणि सिलिंडर जागच्या जागी अडकून बसले.

हे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. हलके रिव्हॉल्व्हर प्रत्येक बाराबरोबर फार जोराने मागे उसळते, आणि सिलिंडरमध्ये पाळीची वाट पाहत असलेल्या उरलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी त्याच्याबरोबर मागे खेचली जातात. त्या नळकांड्यांच्या तोंडाशी बसवलेली जड गोळी मात्र जडत्वामुळे होती तेथेच राहू पाहते, म्हणून प्रत्येक झटक्याला ती किंचित पुढे सरकते. पुरेशी पुढे आली की तिचे टोक सिलिंडरच्या बाहेर डोकावते, नळीच्या मागच्या कडेला अडते, आणि सिलिंडर फिरणे बंद होते. चौकट जितकी हलकी आणि गोळी जितकी जड, तितका हा धोका अधिक. पिस्तूल अडले तर निदान त्याचा वरचा सरकता भाग मागे ओढून काडतूस बाहेर फेकता येते. हे असे अडलेले रिव्हॉल्व्हर मैदानावर शांतपणे, लाकडी काडीने गोळी आत ढकलून सोडवावे लागते. तेथील वृद्ध देखरेख अधिकाऱ्याने ते सोडवून दिले आणि काहीही न बोलता परत केले. साडू म्हणाले, काडतुसे खराब निघाली.

त्यानंतर माझ्या मेहुणीने माझे ग्लॉक हातात घेतले. तिने याआधी १० मिलिमीटर कधी चालवले नव्हते. तिच्या बहुतेक गोळ्या कागदावर बसल्या आणि शेवटच्या काही तर तळहाताएवढ्या जागेत. या प्रसंगाचा उल्लेख आमच्या कुटुंबात आजही टाळला जातो, म्हणून येथे केला.

पुढच्याच आठवड्यात आम्ही चौघे रिझरेक्शन पासच्या वाटेने निघालो. होप या गावापासून कूपर लँडिंगपर्यंत सुमारे ६२ किलोमीटरची ही वाट चुगॅच राष्ट्रीय वनातून जाते, आणि आपला बेत केनाईचा असल्यामुळे आपणही बहुधा तिच्यावरूनच जाल. ज्युनो क्रीकच्या बाजूला आल्डरची दाट झुडपे वाटेवर दोन्हीकडून लवलेली असतात, ओढ्याच्या आवाजात माणसाची चाहूल बुडते, आणि नेमक्या अशाच ठिकाणी एका वळणावर वीसेक पावलांवर तपकिरी अस्वलाची मादी उभी होती. मागे गवतात पिल्लू हलत होते. तिने फुत्कार टाकला, जबडा वाजवला, दोन झेपांत पुढे आली आणि थांबली. माझ्या छातीवरच्या पट्ट्यात अस्वलावर उडवायचा, मिरचीच्या अर्काचा स्प्रे होता. मी तो उपसून त्याची नारिंगी खीळ काढली आणि नळी तिच्या पुढच्या जमिनीकडे रोखून हळू आवाजात बोलत राहिलो. माझे पिस्तूलही छातीवरच होते, पण दोन हातांनी एकाच वेळी एकच काम नीट होते. साडूंचे रिव्हॉल्व्हर कमरेला होते, त्यावर पाठपिशवीचा कमरपट्टा आवळलेला होता आणि त्यावरून पावसाळी अंगरखा आला होता. ते अंगरख्याशी झटत असतानाच मादी वळली आणि पिल्लाला घेऊन झाडीत शिरली. मी स्प्रे उडवला नाही, त्यांनी गोळी झाडली नाही. तरीही ह्यूस्टनमध्ये आज जी हकीकत सांगितली जाते, तीत .४४ चे दर्शन होताच अस्वल माघारी फिरते.

म्हणून कोणते शस्त्र, याच्या आधी ते कोठे बांधणार हे ठरवा. पाठपिशवी घेऊन चालणाऱ्याला कमरेचे होल्स्टर निरुपयोगी आहे. छातीवर आडवे बसणारेच घ्या, इकडचे मार्गदर्शक आणि मासेमार तेच वापरतात. तपकिरी अस्वल ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावते, म्हणजे तीस मीटरचे अंतर दोन सेकंदांत संपते. जो माणूस पिशवीसह, पावसाळी कपड्यांसह, दोन सेकंदांत शस्त्र काढून हलत्या फळीवर गोळी बसवू शकत नाही, त्याने काडतुसाच्या व्यासावर चर्चा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि खरे सांगायचे तर आपण स्प्रे न्यावा. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वल-अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह अलास्कातील नोंदी तपासल्या आहेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, १९८५ ते २००६ या काळातील प्रसंगांमध्ये, स्प्रेमुळे तपकिरी अस्वलांचे त्रासदायक वर्तन ९२ टक्के वेळा थांबले होते. २०१२ च्या अभ्यासात त्यांनी बंदुकांचे २६९ प्रसंग पाहिले. त्यांत हँडगन, म्हणजे पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे, ८४ टक्के आणि लांब नळीची शस्त्रे ७६ टक्के प्रसंगांत यशस्वी ठरली. मात्र ज्यांनी गोळी झाडली आणि ज्यांनी शस्त्र जवळ असूनही झाडली नाही, त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. अपयशाची कारणे वाचली तर वेळच न मिळणे, शस्त्र अडकणे, नेम चुकणे, सुरक्षा-खीळ लागलेली राहणे, काडतुसे संपणे अशी ती आहेत; काडतूस लहान पडले, हे त्या यादीत ठळकपणे येत नाही. साडूंचा यावरचा आक्षेप असा की, स्प्रेच्या पुष्कळ प्रसंगांतील अस्वले केवळ कुतूहलाने आलेली होती, अंगावर धावून आलेली नव्हती, त्यामुळे स्प्रेची आणि बंदुकांची टक्केवारी शेजारी ठेवून तुलना करू नये. या एका मुद्द्यावर ते बरोबर आहेत. समोरून जोराचा वारा असेल तर स्प्रे आपल्याच तोंडावर येतो, हेही खरे. परंतु सात ते दहा मीटरपर्यंत मिरचीच्या अर्काचा ढग उभा करायला नेमबाजी लागत नाही, आणि आपल्या चौघांपैकी प्रत्येकाला तो अर्ध्या तासात शिकवता येतो. सरावासाठी तिखट नसलेले डबेही मिळतात.

आता ज्या गोष्टीमुळे वरचे पुष्कळसे विवेचन आपल्या बाबतीत गैरलागू ठरण्याची शक्यता आहे, ती सांगतो. आपण दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलात, त्या अर्थी बहुधा एच-१बी व्हिसावर असाल. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे विकत घेणेच नव्हे, तर जवळ बाळगणेही गुन्हा आहे. मित्राचे ग्रीन कार्ड आहे आणि पिस्तूल त्याच्या नावावर आहे, म्हणून वाटेत थोडा वेळ ते आपण सांभाळलेत, तरीही तो गुन्हाच होऊ शकतो, आणि त्याचे परिणाम तुरुंगापासून देशातून हकालपट्टीपर्यंत जातात. कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना असल्यास कायद्यात अपवाद आहे, आणि दुकानदार तो परवाना काढून घेण्याचा सल्ला हसतमुखाने देतील. पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. अलास्कात २००३ पासून २१ वर्षांवरील व्यक्तीला लपवून शस्त्र बाळगण्यासाठी परवाना लागत नाही, ही माहिती आपल्याला कोणीतरी दिलीच असेल. ती राज्याच्या कायद्याची गोष्ट आहे, संघीय मनाई तिने उठत नाही. मोटारीने कॅनडातून येणार असाल, तर तेथे अशा सहलीसाठी हँडगन नेता येत नाही, हेही मित्रांना सांगा.

अस्वल मारले म्हणजे प्रकरण संपले, असेही नाही. बचावासाठी मारलेल्या अस्वलाचे नखांसह कातडे आणि कवटी काढून ती राज्याच्या ताब्यात द्यावी लागते आणि लेखी जबाब द्यावा लागतो. पावसात, जखमी साथीदार शेजारी असताना, चारशे पौंडांच्या जनावराचे कातडे काढण्याची आपली तयारी आहे का, हा प्रश्न साडूंना मी विचारला होता. त्यांनी विषय बदलला.

बाकी मी मूळचा चंद्रपूरचा. आमच्याकडे तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जंगलात शिरणाऱ्या बायामाणसांना अस्वल भेटते, तेव्हा कोणाजवळ पिस्तूल नसते. टोळीने चालणे आणि मोठ्याने बोलत राहणे हाच तेथला उपाय, आणि केनाईच्या आल्डरमध्येही प्रसंग मुळात टाळण्याचा तोच उपाय आहे. अन्न आणि टूथपेस्टसुद्धा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, तंबूपासून शंभर पावले दूर ठेवा.

स्प्रे विमानात हातातल्या किंवा चेक-इन सामानात, कशातच चालत नाही, म्हणून तो अँकरेजला उतरल्यावर माणशी एक याप्रमाणे विकत घ्या आणि डब्यावरची मुदतीची तारीख पाहून घ्या. परतताना न वापरलेले डबे विमानतळावर टाकून देण्याऐवजी वाटेच्या तोंडाशी नव्याने निघालेल्या कोणाला तरी देऊन टाका. इकडे सगळे तेच करतात.