मनगटाच्या शिरा हिरवट आहेत, तरी मोहरी रंगात माझा चेहरा काळवंडलेला का दिसतो? सावळ्या रंगाला कोणते कपडे खुलतात?

तुम्ही लिहिलंय की रंग सावळा, केस काळे आणि मनगटाच्या शिरा हिरवट आहेत. शिरा हिरवट तर त्वचेची झाक पिवळसर म्हणजे 'वॉर्म', निळ्या तर 'कूल', अशी एक चाचणी सांगतात. त्यावरून कुणीतरी तुम्हाला 'वॉर्म' ठरवलं आणि मोहरी, मेंदी, मातकट हे रंग घ्यायला लावले. आता त्यात चेहरा आजारी दिसतो. चेहऱ्यात काही खोट नाही, खोट त्या शिरांच्या चाचणीत आहे. ती चाचणी मुळातच निरुपयोगी आहे आणि सावळ्या माणसाचं तर ती हमखास नुकसान करते.

शिरेतलं रक्त गडद लाल असतं, निळं किंवा हिरवं नसतं. तांबडा प्रकाश त्वचेत खोलवर जातो आणि तिथे शिरेतल्या रक्तात शोषला जातो. निळा प्रकाश वरच्या वरच विखरून परत येतो. त्यामुळे शिरेवरच्या भागातून आजूबाजूपेक्षा तांबडा प्रकाश कमी येतो आणि डोळ्याला तिथे निळसर पट्टा दिसतो. त्यावर मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेला गडदपणा देणाऱ्या द्रव्याचा, थर जाड असला की निळा प्रकाशही वाटेत अडतो, आणि उरतं ते हिरवट. म्हणजे या चाचणीत मोजलं जातं ते मेलॅनिन आणि शीर किती खोल आहे ते. त्वचेची झाक नव्हे. सावळी माणसं त्यात जवळजवळ सगळीच 'वॉर्म' निघतात आणि सगळ्यांच्या हातात तीच मोहरी पडते.

चेहऱ्याशेजारी पांढरा कागद धरायची चाचणीही तशीच. छपाईच्या कागदात चकाकी आणणारी द्रव्यं असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे त्या कागदाशेजारी कोणाचीही कातडी पिवळट दिसते. सोनं-चांदी लावून बघण्यात धातूची चकाकी इतकी मध्ये येते की झाक कळतच नाही. या तिन्ही चाचण्या सोडून द्या.

आता मुख्य मुद्दा. कापडाच्या रंगात तीन वेगळ्या गोष्टी असतात: तो किती गडद किंवा फिकट आहे, किती चटक किंवा मंद आहे, आणि त्याची झाक पिवळी-तांबडी आहे की निळसर. लोक तिसरी गोष्ट धरून बसतात, कारण वॉर्म-कूल बोलायला सोपं पडतं. पण माणसाची त्वचा, गोरी असो वा काळी, नारिंगी-तपकिरी घराण्यातलीच असते. मेलॅनिन, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थोडं कॅरोटीन हे पिवळट द्रव्य यांच्या कमी-जास्त प्रमाणाने ती जराशी पिवळ्याकडे किंवा जराशी तांबड्याकडे कलते, एवढंच. गडदपणात मात्र माणसामाणसांत प्रचंड अंतर असतं. म्हणून पहिला निकाल गडदपणाचा, दुसरा चटकपणाचा आणि झाकेचा सगळ्यात शेवटी.

माझ्यासोबत रंगचाचण्या घेणाऱ्या एकीशी माझा यावर जुना वाद आहे. तिचं म्हणणं, आधी झाक ठरवायची, बाकी मागाहून. एकदा तुमच्याच वर्णाच्या एक बाई खिडकीपाशी बसल्या होत्या आणि 'वॉर्म, मोहरी, खाकी' अशी यादी सोबतच घेऊन आल्या होत्या. तिने मंद मोहरी काढून निळसर गुलाबी कापड लावलं, चेहरा उजळला, आणि तिने लगेच निकाल दिला: या कूल आहेत. मला हे पटेना, कारण त्या दोन कापडांत एकाच वेळी तिन्ही गोष्टी बदलल्या होत्या. मोहरी मंद आणि मध्यम गडद, गुलाबी चटक आणि फिकट, शिवाय झाकही उलटी. उजळलं ते नेमकं कशामुळे हे सांगायचं कसं?

मग जोड्या लावल्या. पहिली जोडी पिवळ्याची: मंद मोहरी आणि चटक हळदी. दोन्हींची झाक पिवळी. मोहरीत वरच्या ओठावरची सावली आणि डोळ्यांखालचं काळं वाढलं, जबड्याची कड गळ्यात विरघळली. हळदीत जबडा स्पष्ट झाला आणि डोळ्यांतलं पांढरं उठून आलं. दुसरी जोडी निळसर बाजूची: धुरकट गुलाबी आणि राणी. परत तेच, धुरकट गुलाबीत चेहरा राखेसारखा, राणीत स्वच्छ. म्हणजे दोन्ही झाकांत चटक कापड जिंकलं आणि मंद हरलं. तिसरी जोडी राणी आणि शेंदरी, दोन्ही चटक आणि गडदपणात जवळपास सारखी. इथे फरक इतका थोडा होता की चारदा आलटून पालटून लावल्यावर शेंदरी किंचित सरस ठरली. झाकेचा खरा वाटा तेवढाच होता. ती म्हणाली, कापडं तू निवडलीस. ठीक आहे, तुम्ही तुमच्या घरी तुमची निवडा. पण दर जोडीत एकच गोष्ट बदला, बाकी दोन सारख्या ठेवा. हा नियम मोडला की निकाल कामाचा नाही.

घरी करायचं असेल तर थेट ऊन न येणारी खिडकी निवडा, साधारण सकाळी 10 ते दुपारी 3 या वेळात. घरातले दिवे बंद ठेवा. 2700 केल्विनच्या पिवळट दिव्यात निळे रंग मरतात आणि पिवळ्यांना फुकटची मदत होते. खिडकीकडे तोंड करून बसा, बाजूला रंगीत भिंत नको, तिचा रंग गालावर उतरतो. चेहरा धुतलेला असू द्या. काजळ, लिपस्टिक, चष्मा, कानातलं, सगळं काढा. केस रंगवले असतील तर राखाडी कापडाने झाका आणि अंगातला रंगीत कपडाही राखाडी कापडाखाली जाऊ द्या. चाचणीचं कापड निदान 50 बाय 70 सेंटिमीटरचं, चमक नसलेलं घ्या आणि थेट हनुवटीखाली लावा. सॅटिन नको, त्याची चकाकी वेगळंच चित्र उभं करते. हातात धरलेल्या रुमालभर तुकड्यावरून काहीही ठरत नाही. दर कापड पाच-सात सेकंद बघा आणि दोन कापडांमध्ये दहा-पंधरा सेकंद राखाडीकडे नजर ठेवा, नाहीतर आधीच्या रंगाची उलटी छाया डोळ्यांत राहते आणि पुढच्या कापडावर चढते.

बघायचं ते चेहऱ्याकडे, कापडाकडे नाही. इथेच बहुतेक जण चुकतात. आवडता रंग दिसला की 'किती छान' म्हणतात, आणि ते छान कापड असतं. डोळ्यांखालची जागा, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची रेघ, वरचा ओठ, जबड्याची कड, डोळ्यांतलं पांढरं आणि डाग या ठिकाणी काय बदलतं ते बघा. नजर आधी कापडावर जात असेल तर कापड तुमच्यावर मात करतंय.

गडदपणासाठी फोन वापरा, पण जपून. फोनचा कॅमेरा दर फोटोत उजेड आणि रंगाचा तोल स्वतःच बदलतो. गडद कापड लावलं की तो सगळा फोटो उजळ करतो, पिवळं लावलं की चेहऱ्यात निळं मिसळतो. फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करा आणि सगळे फोटो एका दमात काढा. मग ते कृष्णधवल करून बघा. 0 म्हणजे काळा आणि 10 म्हणजे पांढरा असे टप्पे मनात धरा. काळे केस साधारण 1, सावळी त्वचा 4 ते साडेचार, डोळ्यांतलं पांढरं 8 च्या आसपास. मंद मोहरी, खाकी, मातकट, मेंदी हे सगळे 5 च्या आगेमागे येतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यांत आहे. मोहरी तुमच्या त्वचेपासून जेमतेम एका टप्प्यावर आहे, झाकही तिच्याच घराण्यातली, वर ती मंद. तिन्ही बाजूंनी इतक्या जवळ आल्यावर कापड त्वचेशी पूर्ण जुळतही नाही आणि वेगळंही होत नाही. डोळा त्या अर्धवट फरकाला मळ समजतो.

म्हणून चेहऱ्याजवळचं कापड त्वचेपासून निदान दोन टप्पे दूर हवं, वर किंवा खाली. तुमच्या बाबतीत वर म्हणजे मोतिया, लिंबोणी, अबोली, आकाशी, चटक हळदी. खाली म्हणजे गडद डाळिंबी, गडद मोरपंखी, जांभळा, बाटलीचा हिरवा. मधल्या पट्ट्यातले रंग घ्यायचेच असतील तर चटक घ्या: राणी, शेंदरी, गर्द निळा. तिथे गडदपणातलं अंतर कमी असलं तरी चटकपणा ते भरून काढतो.

केस काळे, त्वचा सावळी म्हणून 'तुमच्यात कॉन्ट्रास्ट कमी, मंद रंग घाला' असंही तुम्हाला सांगितलं जाईल. ऐकू नका. केस आणि त्वचेतलं अंतर बघून दिलेला तो सल्ला उजळ कातडीवर बेतलेला आहे. सावळ्या चेहऱ्यात मोठं अंतर असतं ते त्वचा आणि डोळ्यांतल्या पांढऱ्यात, त्वचा आणि दातांत. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण बघतो तेही डोळे आणि तोंडच. 1980 मध्ये अमेरिकन लेखिका कॅरोल जॅक्सन यांनी लोकप्रिय केलेल्या, माणसांची चार ऋतूंच्या नावांनी विभागणी करून रंग ठरवणाऱ्या पद्धतीत काळे केस आणि गडद डोळे असलेल्या माणसांना बहुतांश 'हिवाळ्या'त टाकलं जायचं. जगातल्या एवढ्या माणसांना एकच खण पुरतो असं मानणाऱ्या पद्धतीवर मी कोणाचे कपडे ठरवणार नाही.

कापड चेहऱ्यावर दोन वाटांनी काम करतं आणि त्या वाटा एकमेकींच्या उलट जातात. एक म्हणजे कापडावरून उसळलेला प्रकाश: हनुवटीखाली आणि जबड्यावर कापडाचाच रंग चढतो. दुसरी म्हणजे शेजारच्या रंगामुळे होणारा डोळ्याचा भास: हिरव्याशेजारी त्वचा तांबूस वाटते, लालाशेजारी तिचा तांबूसपणा कमी होतो. ही दुसरी गोष्ट नीट मांडली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्रल यांनी. 1824 पासून ते पॅरिसच्या गोबलँ या चित्रगालिच्यांच्या कारखान्यात रंगकामाचे प्रमुख होते. काळा रंग फिका दिसतो अशी तिथे तक्रार होती. रंग चोख निघाला, दोष शेजारच्या धाग्यांच्या रंगाचा होता. 1839 मध्ये त्यांनी हा नियम सविस्तर छापला आणि कपडे व चेहऱ्याच्या रंगालाही लावून दाखवला. व्यवहारात एवढं धरा: फिकट किंवा चटक कापड भरपूर उजेडात असेल तर उसळलेला प्रकाश जिंकतो, गडद कापडातून प्रकाश फारसा उसळतच नाही म्हणून तिथे भास जिंकतो. चेहरा लवकर लाल होणाऱ्याने गडद हिरवा गळ्याशी घेतला की तो आणखी लाल दिसतो, तो यामुळे.

काळा सगळ्यांना शोभतो हे साफ खोटं. काळं कापड प्रकाश गिळतं, हनुवटीखालची सावली दाट करतं आणि डोळ्यांखालचं काळं वाढवतं. घालायचाच असेल तर गळा पाच-आठ सेंटिमीटर खाली घ्या, म्हणजे चेहरा आणि कापड यांच्यामध्ये त्वचा येते आणि तीच प्रकाश वर टाकते. शुभ्र पांढऱ्याबद्दल सावळ्या माणसांना उगाच भीती घातली जाते. सावळ्या चेहऱ्यावर तो बऱ्याचदा उत्तम खुलतो. फक्त त्यातही कागदासारखीच चकाकीची द्रव्यं असतात. उन्हात तो निळसर मारतो, आणि अतिनील किरण नसलेल्या एलईडी दिव्यात तेच कापड साधं पांढरं दिसतं, म्हणून दोन्हीकडे बघून घ्या. जोडीचे कपडेही दुकानातल्या दिव्यात जुळवून घेऊ नका. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली दोन कापडं एका दिव्यात सारखी दिसतात आणि बाहेर आल्यावर फारकत घेतात.

राहिल्या मर्यादा. मी तुमचा चेहरा बघितलेला नाही, वरचे आकडे 'सावळा' या तुमच्या शब्दावरून धरलेत. कृष्णधवल फोटोत तुमची त्वचा साडेपाचच्या वर निघाली तर अबोली आणि चटक हळदी तुमच्या फार जवळ येतील, तेव्हा वरच्या बाजूला मोतियासारखे अगदी फिकट रंगच उरतील. उन्हाने रापलेली असाल तर महिन्या-दोन महिन्यांनी चाचणी परत करा. केस पिकायला लागले की केस-त्वचेतलं अंतर बदलतं, तेव्हाही परत करा. गालावर वांग किंवा डाग असतील तर त्यांच्यासारख्याच झाकेचे तपकिरी रंग गळ्याशी नकोत, ते डाग वर आणतात.

घेतलेले मोहरी कपडे टाकू नका. कंबरेखाली मोहरी बिनधास्त घाला, तिथून चेहऱ्यावर काही चढत नाही. वरचा कपडा मोहरी असेल तर कॉलर किंवा गळपट्टी गडद डाळिंबी अथवा मोतिया कापडाची लावून घ्या, निदान चार सेंटिमीटर रुंद. त्याहून अरुंद पट्टी गळ्याशी मुडपली जाते आणि मोहरी परत हनुवटीखाली येते. शिवणकाम नको असेल तर त्याच रंगाचा स्कार्फ पुरतो, पण तो गळ्याला लागून बांधलेला हवा, खांद्यावर नुसता टाकलेला नाही.