उत्तर: संस्थानकाळातला बंधारा पूर अडवतो का, आणि बरगे अडकून काठ तुटला तर काय करायचं

नदीकाठची मळी, संस्थानकाळातला दगडी बंधारा, पहिल्याच मोठ्या पावसात न निघालेले बरगे (पाणी अडवायला बंधाऱ्याच्या खांबांमध्ये घालतात त्या काढता येणाऱ्या फळ्या), आणि काठ तुटल्यावर मिळालेलं उत्तर: "हा बंधारा आमच्या यादीत नाही." दादा, तुमच्या पोस्टमधलं हे शेवटचं वाक्य आम्ही जसंच्या तसं ऐकलंय. म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमचे प्रश्न दोन आहेत. बंधाऱ्याची उंची वाढवली तर गाव पुरातून वाचेल का, आणि वाहून गेलेल्या जमिनीची दाद कुठे मागायची. मी अभियंता नाही, वकील नाही. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस करणारा शेतकरी आहे. नियम बदलत असतात, त्यामुळे कागदोपत्री पाऊल टाकण्याआधी जाणत्या माणसाला एकदा विचारा.

उंचीचं आधी सांगतो, कारण तुमच्या ग्रामसभेत तसा ठराव येणार आहे असं तुम्ही लिहिलंय. तो होऊ देऊ नका. समजा तुमच्या बंधाऱ्यात २ कोटी घनफूट पाणी मावतं. नदीला ५० हजार क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला ५० हजार घनफुटांचा, पूर आला की एवढं पाणी ४०० सेकंदांत येतं, म्हणजे सात मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पुढे पूर दिवसचे दिवस चालतो. शिवाय पावसाळ्यात बंधारा रिकामा नसतोच, आणि तळाला गाळ बसलेला असतो तो वेगळा. उंची वाढवली तर पूर अडत नाही, फक्त वरच्या अंगाला फुगवटा वाढतो आणि तुमच्याच वरच्या आळीत पाणी लवकर शिरतं.

आमच्याकडे पुराची मोजपट्टी म्हणजे राजाराम बंधारा. कोल्हापुरात कसबा बावड्याजवळचा, पंचगंगेवरचा. तिथे ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. बंधारा स्वतः मात्र इशारा पातळीच्या कितीतरी आधीच पाण्याखाली जातो. दर पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी येते बघा: शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. एवढे सगळे पाण्याखाली गेले तरी ती पुराची सुरुवातच असते. जो स्वतः बुडतो तो गावाला काय वाचवणार, असं म्हणून आमच्याकडेही काहीजण जुने बंधारे पाडा म्हणतात. मला तेही पटत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे हे ऐकून खालची गावं जनावरं हलवतात, नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी काढतात. एका जागी वर्षानुवर्षं घेतलेली नोंद हे फार मोठं संरक्षण आहे. तुमच्या बंधाऱ्याच्या खांबावर फुटांच्या खुणा असतील तर त्या आधी रंगवून घ्या. नसतील तर मागच्या मोठ्या पुराची रेघ माहीत असलेल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन खुणा करा. एका रविवारचं काम आहे.

आता मुद्द्याचं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची सगळी हुशारी पावसाळ्यात वाटेतून बाजूला होण्यात आहे. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरग्यांच्या दोन रांगा घालायच्या, मध्ये माती ठासायची, आणि पाऊस यायच्या आत सगळं काढून गाळे, म्हणजे दोन खांबांमधली वाट, मोकळे करायचे. गाळे मोकळे असले की पूर खांबांमधून आणि वरून निघून जातो. बरगे राहिले की तोच बंधारा नदीत आडवी भिंत होतो. वरून ओंडके, पाचट, जलपर्णी येऊन गाळ्यांना थटते. मग पाणी कमजोर जागा शोधतं, आणि ती जवळजवळ नेहमी बगलेला असते, जिथे दगडी बांधकाम संपून माती सुरू होते. आमच्याकडे डाव्या बगलेची माती आधी खालून पोखरली गेली. वर ऊस उभा दिसत होता आणि खाली पोकळी होती. काठ तुटला तो उसाच्या सरीसकट, मोठाल्या ढेकळांत. एकदा पाणी वरून जायला लागलं की बरगे निघत नाहीत हे ध्यानात घ्या. दाबाने ते खाचेत गच्च बसतात, आणि अशा वेळी बंधाऱ्यावर माणूस उतरवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. कुणी तरुण पोरं पुढे आली तर थांबवा.

आमचा बंधारा पंचगंगेच्या एका उपनदीवर आहे. त्या वर्षी वळीव जोराचा झाला, ओढे वाहायला लागले. बरगे काढा म्हणून आम्ही संबंधित कार्यालयात लेखी अर्ज दिला. उत्तर मिळालं की वरून आदेश नाही, आणि आत्ता पाणी सोडलं तर उभ्या पिकांची ओरड होईल. ही अडचण खोटी नव्हती, पाऊस लांबला तर तीच माणसं पाण्यासाठी त्यांच्या दारात जातात. ते मी समजू शकतो. जे समजू शकलो नाही ते पुढचं. काठ तुटल्यावर त्याच कार्यालयाने लेखी कळवलं की सदर बंधारा संस्थानकाळातील असून या कार्यालयाच्या ताब्यात असल्याची नोंद आढळत नाही. दुसऱ्या कार्यालयाने पहिल्याकडे बोट दाखवलं. तिसऱ्याने जिल्हा परिषदेकडे जा म्हणून सांगितलं. ज्या टेबलावर आमच्या अर्जावर आवक शिक्का बसला होता, त्याच टेबलावर बंधारा आमचा नाही म्हणायचं, याचा राग मला अजून आहे. जमीन गेली त्याहून त्या फेऱ्यांनी आमच्या म्हाताऱ्यांना जास्त खचवलं. चुलते तर पुढे यायचेच बंद झाले.

सुटका झाली ती घरातल्या जुन्या पावत्यांनी. उपसा पाण्याची पाणीपट्टी आम्ही वर्षानुवर्षं भरत होतो. पावतीवर बंधाऱ्याचं नाव होतं आणि खाली त्याच कार्यालयाचा शिक्का. उपसा परवान्यावरही तेच. ज्या बंधाऱ्याची पाणीपट्टी तुम्ही घेता, तो तुमच्या ताब्यात नाही हे कसं, असा एका ओळीचा प्रश्न पावत्यांच्या प्रती जोडून विचारला. त्यानंतर नोंद आढळत नाही हे उत्तर पुन्हा आलं नाही. तेव्हा दादा, तुमचं पहिलं काम हेच. भावकीत, शेजारी, पाणीपुरवठा संस्थेच्या कपाटात, जिथे मिळतील तिथून पावत्या गोळा करा. फिकट झालेल्यांचे आधी फोटो काढा.

सोबत माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागा: या बंधाऱ्याचे बरगे मागच्या काही वर्षांत कधी घातले, कधी काढले याच्या नोंदी, आणि त्या कामाची देयकं. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. मजुरी कुणी दिली ते कळलं की बंधारा कुणाचा तेही कळतं. ढोबळ विभागणी अशी की १०० हेक्टरपर्यंत सिंचनाची कामं जिल्हा परिषदेकडे, त्यावर ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभागाकडे, आणि त्याहून मोठी जलसंपदा विभागाकडे. पण जुन्या बंधाऱ्यांना ही विभागणी दर वेळी लागू पडते असं नाही, म्हणून देयकं महत्त्वाची.

पंचनाम्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. पिकाचं नुकसान, शेतात गाळ बसणं आणि जमीन वाहून जाणं ही मदतीची तीन वेगळी सदरं आहेत. पिकाचं किमान ३३ टक्के नुकसान झालेलं असावं लागतं. गाळ ३ इंचांपेक्षा जास्त साचलेला असावा लागतो. नदीने पात्र बदलून जमीन गेली तर त्याचा दर वेगळा, आणि ती मदत अल्प व अत्यल्प भूधारकांपुरती असते. घाईघाईत सगळं पीक नुकसान म्हणून लिहिलं जातं आणि जमीन कागदावर शाबूत राहते. सही करण्याआधी पंचनामा स्वतः वाचा. "जमीन खरडून/वाहून गेली" हे शब्द आणि क्षेत्र त्यात आहे का ते बघा. सातबाऱ्यावर क्षेत्र तसंच दिसतं म्हणून भांडत बसू नका, ते काम मोजणीनंतरचं. तुटलेल्या काठाचे फोटो तारीख आणि ठिकाण उमटेल असे घ्या, आणि फोटोत बंधाऱ्याचा एखादा खांब येऊ द्या, म्हणजे जागेबद्दल वाद राहत नाही.

काठाला घाईने मुरूम टाकून भराव करू नका. पुढच्या पुरात तो जातो आणि जाताना आणखी माती नेतो. बगलभिंत आत काठापर्यंत वाढवून घेणं हाच माझ्या मते खरा इलाज, पण तो ज्याच्या ताब्यात बंधारा त्यानेच करायचा.

ग्रामसभेत उंचीऐवजी बरगे काढण्याच्या तारखेचा ठराव घ्या. जुन्या तारखांवर आता विसंबता येत नाही, २०२५ ला मॉन्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला होता. म्हणून ठरावात तारखेबरोबर पाण्याची पातळीही लिहा: खांबावर अमुक खुणेला पाणी आलं की आदेशाची वाट न बघता बरगे काढायला सुरुवात, आणि ते काढणाऱ्याचं पद ठरावात नमूद. ठराव वरच्या आणि खालच्या गावांनाही पाठवा. माझं मत असं की काढायची सुरुवात सगळ्यात खालच्या बंधाऱ्यापासून व्हावी, म्हणजे वरून सुटलेल्या पाण्याला पुढे वाट असते. पण हे तिन्ही गावांनी बसून ठरवायचं आहे, एकट्याने केलं तर खालच्यांशी वैर येतं.

आमच्या अर्जाचा आणि ठरावाचा मसुदा माझ्याकडे आहे. हवा असेल तर सांगा, नावं आणि गट नंबर काढून इथेच टाकतो. पंचनामा झाला असेल तर त्यात कुठलं सदर लिहिलंय तेवढं आधी कळवा.