आजीला विचार, पण जपून

सांगलीत बीएस्सीला आलीस आणि जेनेटिक्स डोक्यावरून जातंय म्हणालीस. आधी आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचा १८६६ साली छापलेला वाटाण्याचा प्रयोग स्वतः चौकट (आई-वडिलांची जनुकं मांडायचा चार खान्यांचा तक्ता) आखून सोडव. तीन झाडांत एक गुण आणि चौथ्यात दुसरा, हे ३:१ प्रमाण पाठ करू नकोस, ते चौकटीतून येऊ दे.

मग लगेच थॅलसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार घे. आई-वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे एकच सदोष जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. इथेच सगळे अडखळतात. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नसतं; दर वेळी नवा डाव. आणि त्या घरातलं निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता निम्मी नाही, २/३ असते. कागदावर काढून बघ, चारातला एक खाना आधीच बाद झालेला असतो.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न नवं नाही. आते-मामे भावंडांची सरासरी १/८ जनुकं सारखी असतात, त्यामुळे तोच अप्रभावी (दोन्हीकडून आला तरच दिसणारा) दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. म्हणून घरातल्या तीन पिढ्यांची वंशावळ काढ: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ.

आजीला विचारताना मात्र घाई नको. लहानपणी गेलेल्या लेकरांबद्दल ती पटकन बोलणार नाही. कितीतरी बायकांनी त्याचा बोल आयुष्यभर एकटीने सोसलाय. असा आजार दोन्हीकडून जनुक आल्याशिवाय होत नाही, एवढं तिला नक्की सांग.

रविवारी वही घेऊन ये, दोघी मिळून बघू.