परिपाठातील वंदना आणि एका विद्यार्थिनीचे मौन

प्रश्न : आमची अनुदानित माध्यमिक शाळा आहे. परिपाठात राष्ट्रगीत व प्रतिज्ञेबरोबर सरस्वतीवंदनाही होते. आठवीतील एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी लेखी कळवले आहे की ती रांगेत शांतपणे उभी राहील, मात्र धार्मिक श्रद्धेमुळे वंदना म्हणणार नाही आणि हातही जोडणार नाही. शिस्त पाहणारे शिक्षक तिच्यापाशी येऊन थांबतात आणि पुढच्या मुली वळून पाहू लागतात. संस्थाचालक म्हणतात की वंदना हा धर्म नसून संस्कार आहे, बहुतेक पालकांना ती हवी आहे आणि एकीला सूट दिली तर शिस्त उरणार नाही. मी काय करावे?
— एक मुख्याध्यापिका, सांगली जिल्हा

उत्तर : आपण ज्याला सूट म्हणता, ती मुळात सूट नाही. राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक उपासनेस उपस्थित राहायला लावता येत नाही आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर ती संमती पालकाची असावी लागते, असे संविधानाचा अनुच्छेद २८(३) सांगतो. म्हणजे आधी विचारायचे आहे शाळेने. पालकाने अर्ज करून सुटका मागायची नाही. या वडिलांनी तर मुलगी उभी राहील असे आपणहून कळवले आहे. मला ते आडमुठे वाटत नाहीत.

आता ‘धर्म नव्हे, संस्कार’ हा युक्तिवाद. तो क्षणभर मान्य केला तरी संस्थेची बाजू भक्कम होत नाही, कारण ज्याला कोणत्याही एका धर्माचे म्हणता येणार नाही अशा राष्ट्रगीताबाबतच हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे येऊन गेला आहे. केरळमधील यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे ते गात नसत. एका आमदाराने हा विषय विधानसभेत नेला. चौकशीत मुलांची वागणूक निर्दोष आढळली, तरीही जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले आणि उच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने ती कारवाई रद्द केली. राष्ट्रगौरव अपमान प्रतिबंधक कायदा, १९७१ हा राष्ट्रगीत म्हणणाऱ्यांना अडवणे किंवा त्यात व्यत्यय आणणे यास गुन्हा ठरवतो. ते गायलाच हवे अशी सक्ती कोणत्याही कायद्यात नाही आणि शिक्षण खात्याच्या परिपत्रकाने मूलभूत हक्कावर मर्यादा घालता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. एखादी श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते की नाही हे पाहायचे नसून ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे की नाही एवढेच पाहायचे, हा त्या निकालातील मुद्दा संस्थाचालकांना अवश्य वाचून दाखवावा.

आपल्याकडेही नाशिकच्या एका शिक्षकाला प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नाही या कारणावरून वरची वेतनश्रेणी नाकारण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला.

बहुसंख्य पालकांच्या इच्छेला काहीच किंमत नाही, असा याचा अर्थ नाही. मुलीच्या मौनामुळे इतरांची वंदना थांबत नाही, आणि वंदना बंद करा अशी मागणीही तिच्या वडिलांनी केलेली नाही. (शाळेत अशी प्रार्थना असावी का, हा वेगळा प्रश्न आहे, केंद्रीय विद्यालयांतील प्रार्थनेसंबंधीची याचिका २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आली.) उद्या तिने वंदना चालू असताना गोंगाट केला, तर शिस्तीचा नियम तिलाही लागू होईल. मात्र गप्प उभे राहणे म्हणजे गोंगाट नव्हे.

तेव्हा रांगेत तिच्यापाशी थांबू नये, अशी सूचना शिक्षकांना आजच द्यावी. तिला वर्गात बसवून ठेवण्याची ‘सोय’ करू नये. ती रांगेत उभी राहायला तयार असताना तिला वेगळे काढणे ही शिक्षाच ठरते. पुढील वर्षापासून प्रवेशाच्या वेळीच सर्व पालकांकडून संमतिपत्र घ्यावे. संस्थेचा आग्रह कायम राहिल्यास आदेश लेखी मागावा आणि त्याच्या प्रतीसह शिक्षणाधिकाऱ्यांचे मार्गदर्शन घ्यावे. केरळमधील मुख्याध्यापिकेने वरिष्ठांच्या सूचनेवरूनच मुलांना काढले होते, पण तेवढ्याने ती कारवाई न्यायालयात टिकली नाही.