पाळी थांबली असेल तर आधी ताटाकडे पाहा

चार महिने पाळी नाही, गर्भधारणेची इच्छा आहे आणि तरीही रोज दहा किलोमीटर धावणे चालू आहे, असे एका वाचक मैत्रिणीने लिहिले आहे; ते वाचून मला माझेच दिवस आठवले. चरबी घटली की तिच्यातून रक्तात येणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते, मेंदूतील हायपोथॅलॅमस त्याला उपासमार समजतो आणि बीजांडकोशांना चालना देणाऱ्या संप्रेरकांचे स्रवणे मंदावते. परिणामी स्त्रीबीज सुटतच नाही, किंवा सुटले तरी पाळीचक्राचा उत्तरार्ध इतका आखूड होतो की गर्भ रुजायला पुरेसा अवधी मिळत नाही.

१९७४ साली अमेरिकी संशोधक रोझ फ्रिश यांनी नियमित पाळीसाठी शरीराच्या वजनाच्या सुमारे २२ टक्के चरबी लागते असे मांडले होते, पण त्या आकड्याला चिकटून बसू नका. घरच्या काट्यावरची टक्केवारी पाणी प्यायल्यानेही बदलते. खरा प्रश्न व्यायामानंतर शरीराला उरणाऱ्या ऊर्जेचा आहे.

मी धावणे थांबवून चालण्यावर आले, रात्रीचा बंद केलेला भात पुन्हा वाढून घेतला, पोळीला तूप लावले. पाच महिन्यांत चार किलो वाढले आणि मग पाळी आली. (‘अंगाने भरलीस’ हे आत्याचे वाक्य मी कौतुकातच जमा केले.)

मात्र थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध निर्माण करणारे संप्रेरक) व पीसीओएस (बीजांडकोशांशी संबंधित संप्रेरकांचा विकार) यांच्या तपासण्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आधी करून घ्या. संप्रेरकांच्या गोळ्यांनी आणलेला रक्तस्राव म्हणजे बीज सुटल्याची खूण नव्हे. उलट पाळी परतण्यापूर्वीही बीज सुटू शकते, म्हणून गर्भचाचणी टाळू नका.