अमेरिकन कंट्री संगीतात राष्ट्रध्वज आणि देशभक्ती एवढी ठळक का असते?

या संगीताचा मूळ श्रोता दक्षिणेकडच्या राज्यांतला ग्रामीण, कष्टकरी वर्ग आहे आणि तिथल्या असंख्य घरांतली मुले सैन्यात जात आली असल्यामुळे ध्वज हा त्या गाण्यांत घरचाच विषय होऊन येतो. युद्धकाळात हा सूर चढतो, हे गाण्यांची सालेच सांगतात : एल्टन ब्रिट यांचे ध्वजगीत १९४२ मध्ये गाजले, निदर्शकांना टोला हाणणारे मर्ल हॅगर्ड यांचे ‘ओकी फ्रॉम मस्कोगी’ व्हिएतनाम युद्धाविरोधी निदर्शने ऐन भरात असताना, १९६९ मध्ये आले, आणि ली ग्रीनवुड यांचे १९८४ चे ‘गॉड ब्लेस द यूएसए’ ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर पुन्हा लोकांच्या ओठांवर आले. मला यांत सर्वांत मोलाचे वाटते ते जॉनी कॅश यांचे १९७४ चे ‘रॅग्ड ओल्ड फ्लॅग’. न्यायालयासमोरच्या चौकात बसलेला एक म्हातारा जीर्ण ध्वजावरचे भोक, चीर, दारूगोळ्याचा डाग कोणत्या लढाईतला ते त्यात सांगत जातो; राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळातल्या वॉटरगेट या राजकीय घोटाळ्याने देश खचलेला असताना हे गाणे सरकारची नव्हे, ध्वजाची बाजू घेते. मात्र कंट्री गायक म्हणजे युद्धाचा समर्थक, असे समजू नये. इराक युद्धाच्या तोंडावर, मार्च २००३ मध्ये, डिक्सी चिक्स या तीन स्त्रियांच्या कंट्री गटाच्या गायिकेने लंडनमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यावर टीका केल्यावर अनेक कंट्री रेडिओ केंद्रांनी या गटाची गाणी बंद केली हे खरे. पण पुढे खुद्द हॅगर्ड यांनीच इराकमधून बाहेर पडा असे सांगणारे गाणे गायले आणि तेही देशप्रेमाच्याच पोटी.