कोंबडीच्या अंड्यावर कवच आल्यावर फलन कसं होतं?

कवच आल्यावर होतच नाही, फलन त्याच्या खूप आधी होऊन गेलेलं असतं. अंडाशयातून फक्त पिवळा बलक सुटतो, तो बीजनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात येतो आणि तिथेच साधारण 15 मिनिटांच्या आत शुक्राणू भेटले तर फलन होतं, मग पुढे सरकता सरकता त्यावर पांढरं चढतं, दोन पातळ पापुद्रे येतात आणि शेवटी कवच, ज्यालाच जवळपास 20 तास लागतात.

बलकावर एक छोटा पांढरट ठिपका दिसतो बघा, खरं अंड्याचं बीज ते, पिल्लू तिथून वाढतं. बलक म्हणजे पिल्लू नाही, तो त्याचा डबा आहे! बाजूच्या पांढऱ्या पिळदार दोऱ्या बलकाला मधोमध धरून ठेवतात, लोक त्यालाच गर्भ समजून काढून टाकतात, तसं काही नसतं. बोथट टोकाला हवेची पोकळी असते, पिल्लू बाहेर येण्याआधी पहिला श्वास तिथेच घेतं.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे कोंबडी शुक्राणू शरीरात साठवून ठेवते, एकदा मिलन झालं की पुढचे दहा-बारा दिवस फलित अंडी येऊ शकतात. कोंबडा नसला तरी अंडी येतात, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही.